पिकांवरचा ताण आणि वनस्पतींची जनुके : 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' या पाठाला पूरक लेख



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये 'पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान' हा पाठ आहे. त्यात जैवतंत्रज्ञानाचे फायदे सांगताना ताण सहन करणाऱ्या वाणांचा उल्लेख येतो आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू होतो. परीक्षेपुरतं तेवढं ठीक आहे. पण ढाणकीसारख्या गावात तेवढ्यावर भागत नाही. वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी कापूस, सोयाबीन, तूर, हळद नाहीतर हरभरा आहे. हा मुद्दा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, मंग आमच्या वावरात असं बी काहून नाही येत?"

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरं आहेत. "येईल रे पुढं कधीतरी" हे एक. "ते जनुकीय असतं, त्यात काही खरं नाही" हे दुसरं. दोन्हींनी तास पुढे सरकतो, पण पोराला काही कळत नाही. हेच पोरगं चार वर्षांनी कृषी केंद्रात बियाण्याचं पाकीट हातात धरून उभं राहणार आहे. म्हणून खरं उत्तर जरा सविस्तर मांडतो.

१. ताण म्हणजे काय? आधी वावरातलं बघू

पिकाला त्रास देणाऱ्या गोष्टींचे दोन गट पडतात. अळी, मावा, बुरशी, विषाणू हे सजीव आहेत, म्हणून तो जैविक ताण. पाण्याची कमतरता, साचलेलं पाणी, उष्णता, थंडी, जमिनीतले क्षार हे निर्जीव, म्हणून अजैविक ताण.

पुस्तकी व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा दोन ओळखीची उदाहरणं द्यावीत.

पहिलं म्हणजे कपाशीवरचा लाल्या. पानं लाल पडली की घरचे लोक 'रोग आला' म्हणतात आणि फवारणी करतात. पण लाल्या हा जंतूमुळे होणारा रोग नव्हे, ती झाडाची विकृती आहे. बोंडं भरायच्या वेळी नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडणं, ओलाव्याची ओढाताण होणं, रात्रीचं तापमान एकदम उतरणं, अशा कारणांनी हरितद्रव्य घटतं आणि लाल रंगद्रव्य वर दिसू लागतं.

दुसरं म्हणजे आकस्मिक मर. पावसाचा मोठा खंड पडतो, मग एकाच दिवशी धो धो पाऊस येतो, वावरात पाणी साचतं आणि वर कडक ऊन पडतं. कालपर्यंत हिरवंगार असलेलं कपाशीचं झाड मान टाकतं. त्याला कुणी खाल्लेलं नसतं. पाण्याने भरलेल्या काळ्या मातीत मुळांना हवाच मिळत नाही, त्यामुळे मुळं पाणी ओढायचं थांबतात. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं सुकतं!

हे दुसरं उदाहरण फार महत्त्वाचं आहे. वर्षभराच्या पावसाची सरासरी पाहिली तर यवतमाळ जिल्हा काही वाळवंट नाही. आपली अडचण वेगळीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वीस-वीस दिवस आभाळ कोरडं आणि मग दोन दिवसांत पैनगंगा काठावरच्या वावरात. म्हणजे आपल्या पिकाला एकाच हंगामात कोरडा आणि ओला, दोन्ही ताण सोसावे लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उत्तरात लागणार आहे.

२. ताण आला की झाड काय करतं?

गुरं ऊन लागलं की सावलीत जातात. झाडाला जागा सोडता येत नाही. म्हणून जे करायचं ते त्याला आतल्या आतच करावं लागतं.

जमिनीत ओल कमी झाली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्यामुळे पानावरची पर्णरंध्रे मिटू लागतात आणि बाष्पोत्सर्जन कमी होतं. पेशींमध्ये प्रोलीनसारखी द्रव्यं साठतात, त्यांच्यामुळे पेशीतलं पाणी टिकून राहतं. उष्णता वाढली की काही खास प्रथिनं तयार होतात आणि ती बाकीच्या प्रथिनांची घडी मोडू देत नाहीत.

या प्रत्येक कामामागे जनुके असतात. जनुक म्हणजे डीएनएचा असा तुकडा की ज्यात एखादं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती असते. पण सगळी जनुके सारख्या दर्जाची नसतात. मुलांना मी ऊसतोडीच्या टोळीचं उदाहरण देतो. टोळीत तोडणारे अनेक असतात आणि मुकादम एक. मुकादमानं हाक दिली की सगळे कामाला लागतात. पेशीतही काही जनुके अशी मुकादमाचं काम करतात. त्यांच्यापासून बनणारं प्रथिन इतर अनेक जनुकांना 'चालू' किंवा 'बंद' करतं. त्यांना नियंत्रक जनुके म्हणू. ताण सोसणारी पिकं तयार करताना शास्त्रज्ञांचा डोळा बहुतेक वेळा या मुकादमांवर असतो.

३. वनस्पतींची जनुके वापरण्याचे तीन मार्ग

इथे मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. 'जनुक वापरलं' म्हटलं की त्यांना फक्त बीटी आठवतं. प्रत्यक्षात मार्ग तीन आहेत आणि ते वेगवेगळे शिकवायला हवेत.

*पहिला मार्ग : संकर करायचा, पण जनुकाची खूण पाहून निवड करायची.*

ओडिशातल्या एका जुन्या गावरान भातापासून निवडलेला एफआर१३ए नावाचा वाण आहे. पुरात बुडाला तरी तो मरत नाही. साधं भात बुडालं की पाण्याबाहेर डोकं काढण्यासाठी भराभर उंच वाढतं, त्यात साठवलेली साखर संपते आणि पूर ओसरल्यावर ते कोलमडतं. एफआर१३ए मात्र गप्प बसतो. वाढ थांबवतो, शिदोरी जपून वापरतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतो. हे घडवणारं नियंत्रक जनुक म्हणजे सब१ए. त्याचं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. हे जनुक संकराने 'स्वर्णा' या लोकप्रिय भातात आणलं आणि २००९ साली 'स्वर्णा सब-१' भारतातल्या शेतकऱ्यांना मिळालं. ते पूर्ण बुडालेल्या अवस्थेत सुमारे दोन आठवडे तग धरू शकतं.

हे जनुकीय पीक नव्हे, हे मुलांना ठासून सांगावं. हा भाताचा भाताशीच संकर आहे. फक्त हजारो रोपांतून योग्य रोप निवडताना डीएनएवरची खूण पाहिली. त्यामुळे स्वर्णाचे बाकीचे सगळे गुण शाबूत राहिले.

आपल्या रब्बीतलंही एक उदाहरण आहे. आयसीसी ४९५८ नावाच्या हरभऱ्याची मुळं जोमदार असतात आणि कोरड्या जमिनीत तो तग धरतो. त्या गुणाशी जोडलेला डीएनएचा भाग याच पद्धतीने 'पुसा ३७२' या वाणात आणून 'पुसा १०२१६' हा वाण तयार झाला. तो २०१९ साली मध्य भारतासाठी प्रसारित झाला.

*दुसरा मार्ग : दुसऱ्या वनस्पतीचं जनुक पिकात घालायचं.*

इथे संकर शक्य नसतो. सूर्यफूल आणि गहू यांचा संकर कसा होणार? पण सूर्यफुलातलं एचएएचबी४ नावाचं नियंत्रक जनुक अर्जेंटिनातल्या राकेल चान यांच्या गटाने अभ्यासलं आणि ते गव्हात व सोयाबीनमध्ये घातलं गेलं. ताण आला की झाडात इथिलीन वाढतं आणि पानं लवकर म्हातारी होतात. हे जनुक असलं की झाड इथिलीनच्या हाकेला लगेच ओ देत नाही, त्यामुळे पानं जास्त दिवस काम करतात. अर्जेंटिनाने या गव्हाला २०२० मध्ये मंजुरी दिली आणि २०२२ मध्ये व्यावसायिक लागवडीची वाट मोकळी केली.

आपल्याकडचं उदाहरण कोकण किनाऱ्यावरही दिसणाऱ्या तिवराचं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात उभं राहून हे झाड हिरवं कसं राहतं? चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात अजय परिडा यांच्या गटाने तिवराच्या एका जातीतून ताणाशी संबंधित जनुके वेगळी केली आणि ती भातात घालून प्रयोग केले. याच संस्थेने वेड्या बाभळीच्या जनुकांवरही काम केलं आहे. कुणी पाणी घालत नाही, तरी उन्हाळ्यात हिरवीगार राहणारी हीच ती बाभूळ. मुलांना हे फार आवडतं, कारण ती झाडं त्यांनी पाहिलेली असतात. पण हे काम संशोधनाच्या पातळीवर आहे, ते बियाणं म्हणून बाजारात आलेलं नाही, हेही त्याच दमात सांगावं.

*तिसरा मार्ग : पिकाचं स्वतःचंच जनुक संपादित करायचं.*

यात बाहेरचं काही टाकायचं नसतं. झाडाच्याच डीएनएमध्ये ठरलेल्या जागी छोटा बदल करायचा. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. एक 'डीआरआर धान १०० (कमला)' आणि दुसरा 'पुसा डीएसटी राइस १'. आपल्या विषयाचा आहे तो दुसरा. भातात डीएसटी नावाचं एक नियंत्रक जनुक असतं. ते चालू असलं की पर्णरंध्रे उघडी राहायला मदत होते. 'एमटीयू १०१०' या वाणात हे जनुक संपादनाने निकामी केलं. म्हणजे मुकादमालाच गप्प बसवलं! परिणामी पर्णरंध्रे कमी होतात, पाण्याचा खर्च घटतो आणि दुष्काळ व क्षार सोसण्याची ताकद वाढते, असं शास्त्रज्ञ सांगतात. या वाणांच्या चाचण्यांच्या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेपही घेतले आहेत. वर्गात दोन्ही बाजू मांडाव्यात. दावा आणि पुरावा यांतला फरक कळावा यासाठी विज्ञानाच्या तासाइतकी चांगली जागा नाही.

४. मग एक जनुक घातलं की काम झालं का?

नाही. आणि हाच या लेखाचा गाभा आहे.

वरच्या दोन उदाहरणांची तुलना करायला मुलांना सांगा. डीएसटीच्या बदलात झाड पर्णरंध्रे आवरून पाणी वाचवतं. सूर्यफुलाच्या जनुकात झाड काम चालू ठेवतं, म्हातारपण पुढे ढकलतं. दोन्हींना आपण 'दुष्काळ सोसणे' म्हणतो, पण रीत वेगळी आहे. पर्णरंध्रे मिटली की पाणी वाचतं हे खरं, पण त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येत असतो. वाट बंद तर प्रकाशसंश्लेषणही कमी. फार सावध झाड जिवंत राहतं, पण दाणे भरत नाही. शेतकऱ्याला नुसतं जिवंत झाड नको, पोत्यात माल पाहिजे.

दुसरं, बीटीच्या गुणासाठी एक-दोन जनुके पुरली, कारण अळीला मारणारं प्रथिन बनवणं हे एकच काम होतं. कोरडा ताण सोसणं हे मुळं, पानं, फुलोरा, पेशीतली द्रव्यं अशा अनेकांचं मिळून काम आहे आणि त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. म्हणून 'दुष्काळाचं जनुक' असं एकच जनुक नसतं.

तिसरं, ताण कधी येतो यावरही सगळं ठरतं. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी पडलेला खंड आणि शेंगा भरताना पडलेला खंड, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आणि आपल्याकडे, वर म्हटल्याप्रमाणे, खंडाच्या मागोमाग पूर येतो.

५. "आमच्या वावरात काहून नाही?" याचं उत्तर

आता प्रश्नाकडे वळू. मुलांना मी हे चार मुद्दे लिहून देतो.

१) भारतात शेतकऱ्यांनी व्यावसायिकरीत्या पेरायला मान्यता मिळालेलं जनुकीय पीक एकच आहे, ते म्हणजे बीटी कापूस. त्याला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्यातलं जनुक वनस्पतीचं नाही, *बॅसिलस थुरिंजिएन्सिस* या जिवाणूचं आहे. ते बोंडअळीसाठी आहे, पाण्याच्या ताणासाठी नाही. आणि गुलाबी बोंडअळीनं त्यालाही दाद देणं सोडलं, हे २०१७ च्या हंगामात आपण पाहिलं.

२) बाजारात गुपचूप मिळणाऱ्या 'चोर बीटी'त तणनाशक सोसण्याचं जनुक असतं. तेही मुळात जिवाणूचंच. त्याला मान्यता नाही आणि दुष्काळाशी त्याचा काही संबंध नाही.

३) भातावर जगभर प्रचंड संशोधन झालं आहे. तुरीचं तसं नाही. तुरीचा जनुकीय आराखडा २०११ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी वापरलेला वाण होता 'आशा', जो विदर्भात अनेकांनी पेरला आहे. शिवाय प्रयोगशाळेत तुरीच्या पेशींपासून पूर्ण रोप उभं करणं अवघड जातं. त्यामुळे आपल्या पिकांची पाळी उशिरा येते.

४) नियमही वेगवेगळे आहेत. बाहेरचं जनुक घातलेल्या पिकाला कडक परवानग्या लागतात. बाहेरचं जनुक नसलेल्या काही संपादित पिकांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटींतून सूट दिली. संकर आणि निवडीतून आलेल्या वाणाला त्या लागतच नाहीत. म्हणून आपल्या वावरात पहिल्यांदा पोचेल ते बहुधा पहिल्या मार्गाने आलेलं बियाणं, पुसा १०२१६ सारखं.

आपल्या राज्यातही यावर काम चालू आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे २००९ पासून अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या पिकांवर काम करतात.

आणि एक गोष्ट विसरू नये. सब१ए कुठे सापडलं? गावरान भातात. ज्या वाणाला कुणी विचारत नव्हतं त्यात. आपल्याकडचा देशी कापूस, गावरान ज्वारी, घरच्या बियाण्याची तूर, यांनी कित्येक दुष्काळ पाहिले आहेत. उद्या लागणारं जनुक कदाचित आजीच्या कणगीतच असेल. ते वाण संपले तर प्रयोगशाळा कितीही मोठी असो, शोधणार कुठे?

६. वर्गात करता येतील असे दोन उपक्रम

*कुंड्यांचा प्रयोग.* तूर आणि ज्वारी प्रत्येकी तीन कुंड्यांत (जुने डबे चालतील) लावा. रोपं वीतभर झाली की एक कुंडी नेहमीप्रमाणे ठेवा, दुसरीचं पाणी तोडा, तिसरीचं खालचं भोक बुजवून पाणी साचू द्या. रोज ठरलेल्या वेळी पानांची अवस्था लिहायची. कोण कोरड्यात आधी कोमेजलं? साचलेल्या पाण्यात कोण आधी पिवळं पडलं? शेवटी मुळं धुऊन बघायची. उत्तर आधी सांगू नका, नोंदवह्यांना बोलू द्या.

*पर्णरंध्रांचा ठसा.* पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा. वाळल्यावर सेलोटेपने अलगद सोलून काचपट्टीवर चिकटवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे मोजता येतात. पाणी दिलेल्या आणि तोडलेल्या रोपाच्या पानांची तुलना करा. 'डीएसटी' काय करतं ते एका ठशात समजतं.

७. पालकांसाठी दोन शब्द

पाकिटावर किंवा जाहिरातीत 'दुष्काळात हमखास' असं दिसलं तर तीन प्रश्न विचारा. वाणाचं नेमकं नाव काय? तो आपल्या भागासाठी शिफारस केलेला आहे का? कोणत्या अवस्थेतला ताण तो सोसतो? उत्तर मिळालं नाही तर कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. बियाणं पक्क्या बिलावरच घ्या. बिल, पाकीट, त्यावरचं लेबल आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

बियाणं कितीही चांगलं असलं तरी मातीचं काम मातीनंच करायचं असतं. तूर-सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलं की खंडात ओल टिकते आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. दोन्ही ताणांवर एकाच वेळी चालणारा हा उपाय आजच हातात आहे, त्यासाठी कुठल्या जनुकाची वाट पाहावी लागत नाही.

तर मागच्या बाकावरच्या पोराला मी आता असं सांगतो : "बाळा, तसं बी येऊ शकतं, काही पिकांत आलंही आहे. पण ते जादू करत नाही, थोडी मुदत वाढवून देतं. आणि आपल्या मातीसाठी लागणारं बी शोधायला आपल्याच मातीतलं कुणीतरी लागेल. तू का नाही?"

स्वाध्यायासाठी प्रश्न :
१) लाल्या हा रोग का मानत नाहीत?
२) स्वर्णा सब-१, अर्जेंटिनाचा गहू आणि पुसा डीएसटी राइस १ यांत जनुक वापरण्याची पद्धत कशी वेगळी आहे?
३) पर्णरंध्रे मिटल्याने होणारा एक फायदा आणि एक तोटा सांगा.
४) घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी पेरले जाणारे पण आता न दिसणारे तीन वाण आणि त्यांचे गुण लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं जपून ठेवा. पुस्तकात नसलेली माहिती त्यातच मिळेल.